घडीच्या चाकूत अडकलेलं डोरलं

गोपिकेला खटकलेली पहिली गोष्ट तशी अगदी लहान होती. रविवारी सकाळी तिचे यजमान घरात बूट घालून चहा पीत बसले होते.

चहा नेहमीचाच होता. बशी नेहमीचीच होती. यजमानही लग्नापासून जे होते तेच होते. (गोपिका त्यांचं नाव घेत नसे, तेव्हा आपणही त्यांना यजमानच म्हणू. उगाच आपल्यामुळे कोणाचं आयुष्य कमी व्हायला नको.) पण बूट नवे होते. खाकी कॅनव्हासचे, घोट्याच्या वर चढणारे. नाड्या तर इतक्या लांब, की दोनदा पायाभोवती फिरवून गाठ मारली तरी उरल्या होत्या.

"घरात बूट?" गोपिकेनं विचारलं.

"सराव करून राहिलो."

"कशाचा?"

"चालाचा."

ज्या माणसाला ऐन तिशीच्या तोंडावर चालण्याचा सराव करावासा वाटतो, त्याच्या बायकोनं स्वस्थ बसू नये, असं गोपिकेला वाटलं. एरवीही ती स्वस्थ बसणाऱ्यांतली नव्हतीच. शेजारच्या कुकरची शिट्टी होणार हे तिला ठाऊक असे, तरी तिसऱ्या शिट्टीलाही ती पहिलीइतकीच मनापासून दचके. दारावर पोस्टमन आला की ती आधी भिंतीला टेकायची आणि मग टपाल घ्यायची. कॉलेजात तिनं तर्कशास्त्र घेतलं होतं. त्याचा फायदा एवढाच झाला, की इतर बायकांना नुसती भीती वाटते, गोपिकेला ती पायरीपायरीनं वाटायची. आताही तसंच झालं. बूट आहेत म्हणजे चालणं आहे. घोट्याच्या वर बूट आहेत म्हणजे काटे आहेत. काटे आहेत म्हणजे जंगल आहे. आणि जंगल आहे म्हणजे... पुढची पायरी तिनं चहाच्या घोटाबरोबर गिळली.

जंगलाची पायरी तरी खोटी नव्हती. यजमानांच्या ऑफिसात निसर्गमित्र मंडळ निघालं होतं. साहेब त्याचे अध्यक्ष झाले, म्हणून बाकीचे सगळे निसर्गाचे मित्र झाले. हे मित्र रजा टाकून उद्या पहाटे निघून दोन दिवस जंगलात तंबू ठोकून राहणार होते. मागच्या खेपेला सासरे रुपराव नरखेडहून संत्र्यांचं पोतं घेऊन आले, तेव्हाच ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. पोतं टेकवून ते लेकाकडे वळले होते.

"माहा बाप बागेच्या राखणीसाठी जन्मभर उघड्यावर झोपला," ते म्हणाले होते. "त्याले कोणी निसर्गमित्र नाही म्हटलं, गा. अन् तू पैसे भरून झोपाले चालला?"

तेव्हा यजमान हसले होते. आता ते बूट आपटून उभे राहिले आणि म्हणाले, "कस्तुरचंद पार्कवर प्रदर्शन लागलं हाये. कॅम्पिंगच्या सामानाचं. जाऊन येतो. एक चाकू घ्या लागते."

"चाकू?" गोपिकेच्या हातातली बशी वाजली. "चाकू कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? ब्रेड कापाले."

"घरात विळी आहे."

"विळी घेऊन जंगलात जाऊ काय मी? साहेबांसमोर विळीवर बसून ब्रेड कापू?"

गोपिकेनं डोळ्यांसमोर ते चित्र आणून पाहिलं आणि तिला ते पुष्कळच सुरक्षित वाटलं.  पण विळीचा आग्रह सोडून तिनं एक लहानसा निर्णय घेतला. आपणही बरोबर जायचं. एकटे गेले तर हे मोठा चाकू घेतील. आपण असलो तर लहान घेतील. (संसारातले सगळे मोठे घोटाळे अशाच काटकसरीच्या विचारातून निघतात. गोपिकेला हे दुपारी कळलं. सकाळी तिला आपण फार शहाणपणा केला असं वाटत होतं.)

हुडकेश्वरच्या लेआऊटमधून, म्हणजे गावाबाहेरच्या नव्या वस्तीतून, त्यांची स्कूटर निघाली ती थेट कस्तुरचंद पार्कवर थांबली. प्रदर्शन मोठं होतं. शिकारबंदी झाल्यापासून ज्यांच्या बंदुकांची विक्री बसली, ते सारे दुकानदार आता निसर्गप्रेमाकडे वळलेले दिसत होते. जिथे पूर्वी काडतुसं मांडली असती तिथे दुर्बिणी मांडल्या होत्या. वाघाच्या कातड्याऐवजी वाघाचा फोटो लावला होता. फोटोतल्या वाघाचं तोंड उघडं होतं. गोपिका त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालली.

चाकूंचा स्टॉल कोपऱ्यावर होता. मालक लकडगंजचे एक शेठजी. पण ते जेवायला घरी गेले होते, आणि दुकान नत्थू नावाचा विक्रेता सांभाळत होता. नत्थूच्या गळ्यात माइक अडकवलेला होता आणि त्याचा आवाज मैदानभर खांबाखांबावर लावलेल्या भोंग्यांतून येत होता. त्यामुळे नत्थू एका जागी बोले आणि दहा ठिकाणी ऐकू येई.

"पाहा भाऊ, पाहा ताई! एकदम नवा माल! घडीचा चाकू! पातं उघडलं की लॉक, बटन दाबलं की बंद! याच्यात करवत हाये, याच्यात डबा खोलाचं हाये, याच्यात घोड्याच्या खुरातला खडा काढाचा आकडा हाये!"

"आपल्याकडे घोडा नाही," गोपिका हळूच म्हणाली.

"खडा तर हाये ना," यजमान म्हणाले. ते मोहित झाले होते. नत्थूनं एका चाकूनं संत्रं कापलं, त्याच चाकूनं दोर कापला, आणि त्याच चाकूनं कागदाची अशी पट्टी काढली की ती तरंगत खाली आली. प्रत्येक खट् आवाजाला गोपिका दचकत होती. नत्थूला ही दाद वाटली आणि तो आणखी जोरात खटखट करू लागला.

गिऱ्हाइकांनी हाताळून पाहावे म्हणून काही चाकू टेबलावर ठेवले होते. ते कोणी खिशात घालून नेऊ नये म्हणून प्रत्येकाला बारीक लोखंडी साखळी होती आणि साखळीला टेबलापाशी कुलूप होतं. त्यातला एक यजमानांनी उघडला आणि गोपिकेच्या हातात दिला.

"धर. हातात घेऊन तर पाहा, कसा बसते. मी तिकडचे तंबू पाहून येतो. दोन मिनिटं."

"अहो, पण हा उघडा..."

यजमान गेलेले होते. नवे बूट फार वेगानं चालतात असं दिसलं.

आता उघडा चाकू हातात घेऊन उभं राहायचं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात कात्री उघडी ठेवली तरी आई ओरडते त्यालाच कळेल. उघडी कात्री ठेवली की घरात भांडण होतं, हे गोपिकेला लहानपणापासून ठाऊक होतं. तर मग उघडा चाकू ठेवला की काय होईल? तेही ज्याच्यासाठी चाकू घ्यायचा तो माणूस उद्या जंगलात जाणार असताना? तेव्हा हा आधी मिटायचा, आणि मगच खाली ठेवायचा, असं तिनं ठरवलं. बटण कुठे आहे ते दिसेना, म्हणून ती वाकली. वाकली तशी तिच्या गळ्यातली काळी पोत पुढे आली आणि पोतीतलं सोन्याचं डोरलं चाकूच्या मुठीवर टेकलं. तिला बटण सापडलं. तिनं त्यावर अंगठा ठेवला. आणि नेमका तेव्हाच नत्थूनं माइकवर टिचकी मारून म्हटलं, "हॅलो!"

गोपिका दचकली.

चाकू मिटला. पूर्ण मिटला असता तर ही गोष्ट फार लवकर संपली असती. पण तो अर्धा मिटला. डोरलं पातं आणि मूठ यांच्या फटीत गच्च बसलं, आणि काळ्या मण्यांचा दोरा पात्याच्या धारेला जाऊन टेकला. चाकू आणखी मिटला तर दोरा कापला जाणार. चाकू उघडला तर दोरा धारेवरून घासत जाणार, म्हणजे कापलाच जाणार. गोपिकेनं उजव्या हातानं चाकू होता तसा घट्ट धरला, डावा हात टेबलावर टेकला, आणि त्या वाकलेल्या अवस्थेत ती टेबलाला साखळीनं बांधलेली बाई झाली.

लग्नात हे डोरलं गळ्यात पडलं तेव्हा सासूबाईंनी, रुखमाबाईंनी, तिच्या कानात एकच गोष्ट सांगितली होती. "हे गळ्यातून उतरवू नको, अन् कधी तुटू देऊ नको. बाकी भाजीत मीठ कमीजास्त झालं तरी आमच्याकडे चालते." मीठ तर कमीजास्त बऱ्याचदा झालं होतं. म्हणजे पाळण्यासारखं उरलं होतं ते एवढंच.

आणि उद्या पहाटे ते जंगलात जाणार होते.

डोरलं तुटणं आणि वाघ येणं यांच्यात कार्यकारणसंबंध नाही, हे गोपिकेनं परीक्षेच्या पेपरात उदाहरणासह लिहिलं असतं. पण पेपर लिहिणाऱ्या मुलीचा नवरा दुसऱ्या दिवशी वाघाच्या शेजारी झोपायला जाणार नसतो. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अरे, अरे, ताई!" नत्थूचं लक्ष गेलं. तो माइकसकट धावला, त्यामुळे पुढचं सारं मैदानभर ऐकू गेलं. "घाबरू नका ताई, मी हावो ना! कात्री आणतो. पाच पैशाचा दोरा, कापला की मोकळ्या!"

"खबरदार!"

हा आवाज माइकशिवायच मैदानभर गेला. नऊवारी नेसलेल्या एक आडव्या बांध्याच्या बाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांचं नाव पार्वतीबाई. काटोलकडच्या कुठल्याशा गावाहून त्या बागेत रात्री फिरायला मोठी बॅटरी घेण्यासाठी आल्या होत्या आणि ती त्यांच्या हातात होती. ती त्यांनी नत्थूच्या छातीवर रोखली.

"तुह्या घरी बायको हाये का नाही, रे?"

"हाये."

"मंग घरी जाय, अन् तिच्या गळ्यातला काप पाच पैशाचा दोरा!"

नत्थूनं कात्रीकडे गेलेला हात मागे घेतला.

"काहून रडून राहिली वं पोरी?" पार्वतीबाई गोपिकेकडे वळल्या. "अजून काही झालं नाही. नवीन लगन दिसते."

"मावशी, उद्या ते जंगलात चालले आहेत," गोपिका म्हणाली. का कोण जाणे, पण हे सांगितल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही असं तिला वाटलं.

"जंगलात!" पार्वतीबाईंनी बॅटरी छातीशी धरली. "अन् तू आज चाकूत डोरलं घातलं?"

"घातलं नाही, अडकलं."

"त्याले काय समजते, घातलं का अडकलं!" हा 'तो' कोण, हे पार्वतीबाईंनी सांगितलं नाही.

नत्थूनं सुचवलं, की साखळीचं कुलूप उघडून ताईंना चाकूसकट मोकळं करावं. कल्पना चांगली होती. पण किल्ली शेठजींच्या जानव्याला होती आणि शेठजी लकडगंजला जेवत होते. शेठजी जेवले की झोपतात, हेही नत्थूनं प्रामाणिकपणे सांगितलं.

मग एका टोपीवाल्या गृहस्थानं सुचवलं, की ताईंनी पोत डोक्यावरून काढून घ्यावी, चाकू-डोरलं दोन्ही टेबलावर राहू द्यावं, आणि मग सावकाश स्क्रू सोडून चाकू उकलावा. साऱ्यांनाच हे पटलं. गोपिकेलाही पटलं. म्हणजे तर्कशास्त्राला पटलं. गोपिकेला स्वतःला मात्र रुखमाबाईंचा आवाज ऐकू येत होता.

"गळ्यातून काढाचं असन," पार्वतीबाई म्हणाल्या, "तर ज्यानं घातलं, त्यानंच काढावं. नवऱ्याच्या हातानं उतरलं अन् नवऱ्याच्याच हातानं पुन्हा घातलं, तर त्याले काही बाधत नाही. आपल्या हातानं उतरवलं तर..."

 त्यांनी वर पाहिलं. गोपिकेनंही मान होती तेवढी तिरकी करून वर पाहिलं. वर एक घार फिरत होती.

"त्यांना बोलवा," गोपिका म्हणाली. "लवकर बोलवा हो कोणीतरी. तंबूंकडे गेले आहेत."

"तू बोलाव. तुहा नवरा हाये."

गोपिकेनं हाक मारली. "अहो..."

"अशी हाक मारल्यावर मुंगी तरी फिरून पाह्यन काय, वं?" पार्वतीबाईंनी नत्थूच्या गळ्यातला माइक ओढला. माइकबरोबर नत्थूही आला. "मार इथं. जोरानं."

गोपिकेनं डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून माइकवर म्हटलं, "अहो!"

भोंग्याभोंग्यांतून ती हाक निघाली आणि कस्तुरचंद पार्कवरचे झाडून सारे नवरे जागच्या जागी थांबले. कोणी पेरू खाता खाता थांबला, कोणी दुसऱ्याच कोणाकडे पाहता पाहता थांबला. मिनिटभरात एक घामाघूम गृहस्थ गर्दी चिरत येऊन हात वर करून म्हणाले, "काय झालं? मी इथंच होतो! सिगरेट नाही ओढून राहिलो!" मग त्यांनी गोपिकेचा चेहरा पाहिला. ही आपली नव्हे, हे कळल्यावर त्यांच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो पाहून गोपिकेला त्यांच्या बायकोची दया आली. ते लगेच गेले नाहीत. आता आलोच आहोत तर, म्हणून पुढच्या रांगेत उभे राहिले.

"असं नाही होत," नत्थू म्हणाला. "वर्णन सांगा ताई. दिसाले कसे हायेत?"

गोपिकेनं विचार केला. सहा महिने ज्या माणसाच्या काळजीत काढले, तो दिसायला कसा आहे हे तिला पटकन सांगता येईना. तिनं त्यांच्याकडे नेहमी, हे सुखरूप आहेत ना, एवढ्यासाठीच पाहिलं होतं. "चष्मा आहे," ती म्हणाली. "पांढरा शर्ट. आणि... आणि पायात नवे खाकी बूट!"

"आता कसं!" नत्थूनं माइक तोंडाशी नेला. "सुनो भाई सुनो! ज्यांच्या पायात नवे खाकी बूट हायेत, त्यांनी ताबडतोब चाकूच्या स्टॉलवर यावं! अर्जंट काम हाये!"

शेजारचा स्टॉल खाकी बुटांचा आहे, हे नत्थू माइक हातात आला की विसरत असे. पाचसहा जण एका पायात नवा आणि एका पायात जुना बूट घालून लंगडत आले. त्यांच्यामागून बुटांचा दुकानदार आला. "पैसे न देता कुठं चालले?" म्हणून तो ओरडत होता. त्याला शांत करण्यात बराच वेळ गेला. शांत झाल्यावर तोही राहिला.

गर्दी आता चांगलीच वाढली. मागून येणाऱ्यांना पुढचं दिसत नव्हतं, म्हणून ते आपापल्या परीनं माहिती मिळवत होते. "काय झालं?" "बाईनं चाकू चोरला म्हणे." "चोरला नाही, मारला." "कोणाले?" "नवऱ्याले." "मेला?" "सापडून नाही राहिला." गोपिकेच्या कानावर हे पडलं आणि तिचा उजवा हात थरथरू लागला. हात थरथरला की पातं हलत होतं. पातं हललं की पार्वतीबाई "हं!" म्हणून ओरडत होत्या, आणि त्या ओरडल्या की गोपिका दचकत होती. या चक्रातून दोरा अजून कसा वाचला, हे देवच जाणे.

"मावशी, तुम्ही ओरडू नका," ती काकुळतीनं म्हणाली.

"मी कुठं ओरडून राहिली!" पार्वतीबाई ओरडल्या.

"आडनाव सांगा," टोपीवाले म्हणाले. "आडनाव घ्यायला तर हरकत नाही?"

नव्हती. आडनाव घेतल्यानं साऱ्या घराण्याचं आयुष्य थोडं थोडं कमी होत असेल, पण ते वाटलं जातं. "राऊत," गोपिका म्हणाली.

नत्थूनं राऊतांना बोलावलं. राऊत आले. एक काटोलचे आले, एक सावनेरचे आले, दोन महाल भागातले आले, एक तर भंडाऱ्याहून सहज भाच्याकडे आलेले राऊत आले. गोपिकेचे राऊत तेवढे नव्हते.

"तुम्ही कोणते राऊत, बाई?" त्यातल्या एका वयस्कर मास्तरांनी चौकशी केली.

"नरखेडचे."

"नरखेडचे म्हणजे? धोंडबा राऊतांचे का बापूजी राऊतांचे?"

"मास्तर, माझा हात..."

"धोंडबाची मेहुणी आमच्या चुलत्याले दिलेली," काटोलचे राऊत मध्येच म्हणाले.

"अरे! म्हणजे तुम्ही आनंदरावांचे जावई की काय?"

"पुतणे!"

"घ्या! मग आपण तर घरचेच निघालो!"

राऊतांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवले आणि ते सगळे चहा प्यायला निघून गेले. जाता जाता मास्तरांनी गोपिकेच्या डोक्यावर हात ठेवून "सुखी राहा पोरी" असा आशीर्वाद दिला. त्या हातानं तिचं डोकं अर्धा इंच खाली गेलं आणि पार्वतीबाई पुन्हा "हं!" म्हणाल्या.

"आता ताई, नाव घ्या लागते," नत्थू म्हणाला. त्याचा स्वर गंभीर होता. "दुसरा इलाज नाही."

गोपिकेनं ओठ घट्ट मिटले.

"शिकलेली दिसते अन् नवऱ्याचं नाव घ्याले लाजते," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"लाजत नाही," गोपिका कशीबशी म्हणाली. तिला लिहून देता आलं असतं, पण उजवा हात चाकूला जखडलेला होता आणि डाव्या हातानं तिनं आजवर फक्त घाम पुसला होता. तिनं हळू आवाजात पार्वतीबाईंना सांगितलं, "मावशी, नाव घेतलं की आयुष्य कमी होतं ना? डोरलं उतरवलं तरी कमी होतं. तुटलं तरी कमी होतं. उद्या ते जंगलात. मी कोणत्या बाजूनं त्यांना वाचवू?"

हे तिनं इतक्या खरेपणानं विचारलं, की टोपीवाल्यांनी टोपी काढून हातात घेतली. सिगरेट न ओढणाऱ्या गृहस्थांनी खाली पाहिलं. पार्वतीबाईंनी बॅटरी काखेत धरली आणि पदरानं गोपिकेच्या गालावरचं पाणी पुसलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला.

"पोरी, उखाण्यात घेतलेलं नाव मोजल्या जात नाही."

"नाही?"

"नाही. नाहीतर साऱ्या बाया सक्रांतीलेच रांडव झाल्या असत्या. घे उखाणा. मोठ्यानं घे. मी तुह्या वयाची होती तेव्हा बैलबाजारात घेतला होता."

बैलबाजारात कशासाठी, हे विचारायची ती वेळ नव्हती. नत्थूनं माइक गोपिकेच्या तोंडाशी धरला.  संसारात किंवा तर्कशास्त्रात असा प्रसंग तिच्यावर कधी आला नव्हता. लग्नातला तिचा उखाणा फार सुंदर होता. त्यात चांदीचा दिवा होता, रेशमाचा शेला होता, अंगणातली जाई होती. यातलं काहीही त्या स्टॉलवर नव्हतं. तिथे चाकू होते, दोर होता आणि अर्धं कापलेलं संत्रं होतं. हजार माणसं ऐकत होती. पाठ भरून आली होती. अंगठा बधिर झाला होता. पातं दोऱ्याला टेकलेलं होतं.

गोपिकेनं श्वास घेतला. आणि सहा महिन्यांत जे कधी झालं नव्हतं ते झालं. तिला राग आला. भीतीच्या सगळ्या पायऱ्या संपल्या, की शेवटी राग लागतो, हे तिला पुस्तकात कोणी सांगितलं नव्हतं.

"तंबू पाहायला जाण्याची एवढी काय घाई," ती माइकवर म्हणाली. आवाज कापला, मग सावरला, मग चढला. "मनोहरराव, धावत या, चाकू सुटत नाही!"

नावापुढचे शब्द कोणाला ऐकू गेलेच नाहीत. 'मनोहरराव' हे नाव येताच कस्तुरचंद पार्कवर टाळ्यांचा कडकडाट झाला. शिट्ट्या वाजल्या. नत्थू "वा वा ताई!" म्हणून माइकसकट नाचला. बुटांच्या दुकानदारानं हातातला बूट हवेत उडवून झेलला. पार्वतीबाईंनी डोळे पुसले. गोपिका मात्र जीव कानांत आणून ऐकत होती. तंबूंच्या दिशेला ऐकत होती, वाघाच्या फोटोकडे ऐकत होती, दूर फाटकाकडे ऐकत होती.

टाळ्या थांबल्या. आणि तिच्या पाठीमागून, गर्दीच्या अगदी शेवटच्या रांगेतून, उत्साहानं फुललेला, ओळखीचा आवाज आला.

"ओऽऽ! मी इथं हावो, इथं! अवं, तू कुठं राहिली होती इतका वेळ? ये लवकर! ते राऊत अन् बूटवाले कधीचे सापडले, तरी गर्दी काही हटून नाही राहिली! कोण्या येड्या बाईचं डोरलं चाकूत अडकलं म्हणतात, अर्ध्या तासापासून टाचा वर करून राहिलो, पण मले काही दिसूनच नाही राहिलं!"